पाणलोट : शब्दाचा अर्थ आणि त्याचा व्यवहार

(पंचायत सदस्य, प्राथमिक शिक्षक आणि क्षेत्रीय कर्मचारी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पाण्याविषयी बोलण्याचा खरा अधिकार अभियंत्यांचा, भूजलतज्ज्ञांचा आणि शेतकऱ्यांचा आहे. मी कला शाखेचा पदवीधर असून शासनाच्या माहिती खात्यात काम करतो. शासनाच्या कागदावरील भाषा लोकांपर्यंत आणि लोकांची भाषा शासनाच्या कागदापर्यंत पोहोचविणे हा माझा व्यवसाय. म्हणून बांध कोठे घालावा किंवा सांडवा किती रुंद असावा, हे मी सांगणार नाही. एका शब्दाविषयी बोलणार आहे. तो शब्द म्हणजे ‘पाणलोट’.

चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत हा शब्द आता कोणालाही नवीन राहिलेला नाही. ‘आमच्या गावाला पाणलोट मंजूर झाला’, ‘पाणलोटाचे पैसे आले’, ‘आमचा पाणलोट गेल्या वर्षी संपला’ अशी वाक्ये सभांतून सहज ऐकू येतात. या वाक्यांत पाणलोट म्हणजे एक योजना. १९८३ मध्ये राज्यात सर्वंकष पाणलोट क्षेत्र विकास कार्यक्रम सुरू झाला. त्यानंतर राज्याच्या आणि केंद्राच्या अनेक योजना आल्या. त्यांची नावे, निधी आणि मुदती बदलत गेल्या. त्या योजनांनी पुष्कळ कामे केली, यात शंका नाही. तथापि या प्रवासात शब्दाचा मूळ अर्थ मात्र झाकला गेला. योजना मंजूर होते आणि संपते. पाणलोट मंजूर होत नाही, आणि संपतही नाही. तो डोंगराइतकाच जुना असतो. ज्या गावाला कधीही कोणती योजना मिळाली नाही, त्या गावालाही पाणलोट असतोच.

हा केवळ शुद्ध भाषेचा आग्रह नव्हे. हा शब्द आता कायद्यात आला आहे, आणि त्याच्यामागे ग्रामसभेचा एक अधिकार उभा आहे. शब्दाचा अर्थ निसटला, तर तो अधिकारही हातातून निसटतो. त्याकडे मी शेवटी येईन. प्रथम शब्दाची घडण पाहू.

शब्दाची घडण

पाणी आणि लोट हे पाणलोट या शब्दाचे दोन घटक. धुळीचे लोट उठतात, धुराचे लोट येतात, त्याचप्रमाणे पाण्याचा लोट येतो. लोट म्हणजे पुढे रेटत जाणारा जोराचा प्रवाह. शब्दाच्या मुळाशी अशी गती आहे. शास्त्रीय परिभाषेत मात्र या शब्दाला ‘क्षेत्र’ जोडून जमिनीचा अर्थ देण्यात आला. ज्या जमिनीवर पडलेल्या पावसाचे वाहते पाणी एका ठरावीक ठिकाणी येऊन मिळते, ती सर्व जमीन म्हणजे त्या ठिकाणाचे पाणलोट क्षेत्र.

इंग्रजीत याच अर्थाने ‘कॅचमेंट’ आणि ‘वॉटरशेड’ असे दोन शब्द येतात. त्यांतील ‘वॉटरशेड’चा इतिहास मोठा उद्बोधक आहे. पाण्याला विभागणारी रेषा अशा अर्थाच्या एका जर्मन शब्दाच्या वळणावर तो घडला. म्हणजे त्याचा पहिला अर्थ क्षेत्र असा नसून सीमा असा होता. पुढे अमेरिकेत त्या सीमेच्या आतील संपूर्ण जमिनीलाही तेच नाव मिळाले. इंग्लंडात जुना अर्थ अद्याप टिकून आहे. त्यामुळे इंग्रजी अहवाल वाचताना हा शब्द रेषेविषयी आहे की जमिनीविषयी, हे संदर्भावरून ठरवावे लागते.

मराठीत ही अडचण नाही. सीमेला आपल्याकडे ‘जलविभाजक’ असा स्वतंत्र शब्द आहे आणि शाळेच्या भूगोलात तो शिकविला जातो. जलविभाजक ही रेषा. पाणलोट ही त्या रेषेच्या आतील भूमी.

हे समजण्यासाठी डोंगरावर जाण्याचीही आवश्यकता नाही. आपल्या कौलारू घराचे छप्पर पाहावे. छपराचे आढे हा जलविभाजक. आढ्याच्या एका बाजूस पडलेला थेंब अंगणात उतरतो, दुसऱ्या बाजूस पडलेला परसात. छपराच्या दोन उतरणी हे दोन पाणलोट. वळचणीखाली लावलेल्या पन्हळीला जेथून पाणी मिळते, तेवढाच छपराचा भाग तिचा पाणलोट होय. वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही, ही म्हण आपण अशक्य गोष्टीसाठी वापरतो. पाणलोटाचे सारे शास्त्र तिच्यात साठविलेले आहे.

बिंदूवाचून पाणलोट नाही

या व्याख्येतील अत्यंत महत्त्वाचा शब्द ‘ठिकाण’ हा आहे. कोणीही ‘हा पाणलोट’ असे म्हटले की आपण लगेच विचारले पाहिजे : कोणत्या बिंदूचा? बिंदू सांगितल्यावाचून पाणलोटाला अर्थच नसतो. नाल्यावरील एका मोरीचा पाणलोट वीस हेक्टरांचा असेल. तोच नाला खाली जाऊन ज्या तलावाला मिळतो त्या तलावाचा दोनशे हेक्टरांचा. आणि तलावाचा सांडवा ज्या नदीत उतरतो तिचा हजारो चौरस किलोमीटरांचा. लहान पाणलोट मोठ्याच्या पोटात असतो.

या दृष्टीने आपल्या दोन्ही जिल्ह्यांचा नकाशा पाहा. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. विभाजन कारभारासाठी झाले. पाण्याने ते मानण्याचे कारण नव्हते. वैनगंगा मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात उगम पावते, वर्धा नदी बैतुल जिल्ह्यातील मुलताईजवळ. चपराळ्याजवळ या दोघी एकत्र येतात आणि प्राणहिता होऊन सिरोंच्याकडे जातात. पुढे प्राणहिता गोदावरीला मिळते. ओडिशातील कालाहंडीहून निघालेली इंद्रावतीही सिरोंचा तालुक्याच्या टोकाला गोदावरीला येऊन मिळते. ताडोबाच्या रानातील अंधारी असो, चंद्रपूरची इरई असो की धानोऱ्याकडची कठाणी असो, दोन्ही जिल्ह्यांत पडलेला प्रत्येक वाहता थेंब अखेर गोदावरीचा आहे. एवढ्या मोठ्या क्षेत्राला आपण पाणलोट न म्हणता ‘खोरे’ म्हणतो. खोरे, उपखोरे, पाणलोट आणि सूक्ष्म पाणलोट ही एकाच कल्पनेची लहानमोठी मापे आहेत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने जमिनीखालील पाण्याचा अंदाज घेण्यासाठी महाराष्ट्राचे सुमारे दीड हजार पाणलोट पाडले आहेत. तालुक्याची सीमा सोडून या यंत्रणेने पाणलोट हे एकक स्वीकारले, कारण पाण्याचा हिशेब तालुक्याच्या सीमेत बसत नाही.

बिंदूची ही जाणीव पुराच्या वेळी किती उपयोगी पडते, ते भामरागडच्या रहिवाशांना सांगावे लागत नाही. तेथे इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा यांचा संगम आहे. गावावर पावसाचा थेंब नसतानाही पर्लकोटेचे पाणी पुलावर चढू शकते. कारण इंद्रावतीचा पाणलोट छत्तीसगड आणि ओडिशापर्यंत पसरलेला आहे, आणि ती फुगली की उपनदीचे पाणी मागे सरते. त्याचप्रमाणे वैनगंगेच्या काठच्या गावांना स्वतःच्या शिवारातील पर्जन्यमापकापेक्षा वरच्या जिल्ह्यांतील पाऊस आणि गोसीखुर्दचा विसर्ग यांची बातमी अधिक मोलाची असते. ‘आमच्याकडे पाऊस नाही, मग पूर कसा येईल?’ हा प्रश्न पाणलोटाचा अर्थ ठाऊक असलेला मनुष्य विचारणार नाही.

तलावाच्या तीन जमिनी

आता आपल्या घरच्या विषयाकडे येऊ. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हा तलावांचा प्रदेश आहे. या चार जिल्ह्यांत सहा हजारांहून अधिक जुने तलाव नोंदलेले आहेत. गोंड राजवटीपासून हे बांधले गेले. कोहळी समाजाचे कौशल्य त्यांत प्रसिद्ध आहे. चांद्याच्या जुन्या महसुली नोंदींत ‘तुकूम’ हा शब्द आढळतो. जो तलाव बांधील, त्याला त्या तलावाखालची जमीन द्यावी, अशी ती पद्धत होती. चंद्रपूर शहरातील तुकूम हा भाग आणि ग्रामीण भागातील तुकूम नावाच्या वस्त्या या शब्दाची आठवण जपून आहेत. पुढे इंग्रजांच्या काळात आसोलामेंढा आणि घोडाझरी यांसारखे मोठे तलाव झाले.

प्रत्येक तलावाला तीन जमिनी असतात. पहिली पाणी देणारी, म्हणजे पाणलोट क्षेत्र. दुसरी पाणी साठविणारी, म्हणजे बुडीत क्षेत्र. तिसरी पाणी पिणारी, म्हणजे लाभक्षेत्र. तलावाची पाळ दुसऱ्या आणि तिसऱ्या जमिनीच्या मध्ये उभी असते. पहिली जमीन तिच्या पाठीमागे, बहुधा झाडीत असते.

आपल्या दप्तरात या तिघींची नोंद सारखी होत नाही. लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांची नावे, त्यांचे गट क्रमांक आणि पाणीपट्टी यांची नोंद असते. बुडीत क्षेत्राचा गट क्रमांक असतो आणि मासेमारीच्या ठेक्यामुळे त्याकडे लक्षही जाते. परंतु ज्या जमिनीवाचून उरलेल्या दोन्ही जमिनी कोरड्या राहतील, त्या पाणलोटाला बहुतेक ठिकाणी सलग अशी नोंदच नसते. त्याचा काही भाग वनविभागाकडे, काही महसूल खात्याकडे, काही खासगी मालकीचा आणि काही शेजारच्या गावात असतो.

याचे एक ऐतिहासिक कारण आहे. मालगुजारीत गावचा पडीत भाग, झुडपी रान आणि तलाव हे सर्व बहुधा एकाच मालकी हक्काखाली होते. ती व्यवस्था न्याय्य होती असे मला सुचवावयाचे नाही. तलावाच्या पाण्याप्रमाणेच रयतेच्या श्रमावरही मालगुजाराचा हात असे. मध्य प्रदेश शासनाच्या १९५० च्या कायद्याने हे मालकी हक्क रद्द झाले आणि ३१ मार्च १९५१ पासून जमीन, जंगल, तलाव, विहिरी शासनाकडे आले. विदर्भ त्या वेळी मध्य प्रदेशात होता. तेव्हापासून या तलावांना ‘माजी मालगुजारी तलाव’ असे लांब नाव पडले, आणि लोकांनी त्याचे ‘मामा तलाव’ केले. पुढे १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि शंभर हेक्टरांपर्यंत सिंचन करणारे तलाव त्यांच्याकडे गेले. पाळ एका खात्याकडे आणि पाळीमागचे रान दुसऱ्या खात्याकडे, अशी वाटणी झाली. प्रत्येक खाते आपल्या नियमाने चालले. परंतु पाळ आणि रान ही एकाच यंत्राची दोन अंगे आहेत, ही गोष्ट कोणत्याही एका दप्तरात लिहिलेली राहिली नाही.

हिशेब करून पाहू

पाणलोटातील थोडी जमीन गेली तर काय बिघडते, असे वाटण्याचा संभव आहे. म्हणून साधा हिशेब करू. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा घनमीटर, अर्थात दहा हजार लिटर पाणी पडले. आपल्याकडे वर्षाला स्थूलमानाने १,२०० ते १,५०० मिलिमीटर पाऊस पडतो. एखाद्या तलावाचा पाणलोट शंभर हेक्टरांचा आहे आणि पाऊस १,२०० मिलिमीटर झाला असे धरा. त्या जमिनीवर बारा लाख घनमीटर पाणी पडले. त्यातील काही मुरले, काही झाडांनी घेतले, काही उडून गेले, आणि समजा चौथा हिस्सा तलावात आला. तलावाचा येवा तीन लाख घनमीटर झाला.

आता पाणलोटाच्या वरच्या अंगाने एक रस्ता झाला. रस्त्याच्या भरावात मोरी ठेवली नाही, किंवा ठेवलेली मोरी बुजली, आणि तीस हेक्टरांचे पाणी भरावाच्या कडेने वाहत जाऊन दुसऱ्या नाल्याला मिळाले. तलावाचा येवा नव्वद हजार घनमीटरांनी घटला. धान निसवण्याच्या वेळी एका हेक्टरला दहा सेंटिमीटरांचे एक पाणी द्यावयाचे, तर एक हजार घनमीटर लागतात. म्हणजे वाटेतील गळती सोडून दिली तर नव्वद हेक्टरांचे एक पाणी गेले. ऑक्टोबर महिन्यात पावसाने पाठ फिरविली, तर त्या एका पाण्यावर धान हाती येणे न येणे अवलंबून असते. पाळ शाबूत, पाट स्वच्छ, आणि तरीही तलाव भरत नाही, अशा ठिकाणी दोष पुष्कळदा पाळीच्या मागे, झाडीत कोठे तरी असतो.

रस्त्याप्रमाणेच इतर कामांनीही पाण्याची वाट बदलते. वर्धा नदीच्या खोऱ्यात उघड्या कोळसा खाणींच्या कडेला मातीचे उंच ढीग उभे राहिले आहेत. असा प्रत्येक ढीग हा नवीन जलविभाजक होय. जुन्या नकाशावरील रेषा तेथे चालणार नाहीत. त्या नव्याने काढाव्या लागतील.

याच्या उलटही एक उदाहरण आहे. आसोलामेंढा तलावाला गोसीखुर्द प्रकल्पाच्या उजव्या कालव्यातून पाणी देण्याची योजना झाली. हे पाणी त्या तलावाच्या स्वतःच्या पाणलोटाबाहेरचे आहे. म्हणजे अशा तलावाचा हिशेब करताना पाणलोटाचा येवा वेगळा आणि कालव्याची आवक वेगळी मांडली पाहिजे. कालवा आला म्हणून पाणलोटाकडे पाहण्याचे कारण उरले नाही, असा अर्थ कोणी करू नये. कारण कालवा पाणी आणतो, परंतु उघड्या पाणलोटातून येणारा गाळ तो थांबवीत नाही.

चांगला पाणलोट कोणता?

येथे एका चमत्कारिक गोष्टीकडे आपले लक्ष वेधतो. पाटबंधाऱ्याच्या अभियांत्रिकीत स्ट्रेंज नावाच्या अभियंत्याची कोष्टके प्रसिद्ध आहेत. मुंबई इलाख्यात १८९२ च्या सुमारास त्यांनी ती तयार केली. किती पाऊस पडला असता किती पाणी वाहून येईल, याचा अंदाज त्यांवरून काढतात. त्यांत पाणलोटाचे चांगला, मध्यम आणि वाईट असे तीन वर्ग आहेत. आता चांगला कोणता? ज्यावरून अधिक पाणी वाहून येते तो चांगला. म्हणजे उघडा, कठीण, उताराचा माळ चांगला ठरतो. आणि झाडांनी झाकलेली, पाणी मुरविणारी जमीन खालच्या वर्गात जाते.

तलाव किती भरेल एवढाच प्रश्न विचारला, तर हे वर्गीकरण बरोबर आहे. परंतु आपला प्रश्न तेवढाच नसतो. तलाव किती वर्षे टिकेल? डिसेंबरात नाल्याला पाणी राहील काय? गावची विहीर उन्हाळ्यात आटेल काय? हे प्रश्न विचारले की उत्तर उलटते. उघड्या माळावरून पाणी लवकर येते, पण माती घेऊन येते. झाडीतून पाणी कमी आणि सावकाश येते, पण निवळ येते, आणि मुरलेले पाणी पुढे झऱ्यांतून पाझरत राहते. गडचिरोली जिल्ह्याचा सुमारे तीनचतुर्थांश भाग वनाखाली आहे. येथील तलावांच्या दीर्घायुष्याचे एक मोठे कारण त्या वनाने धरून ठेवलेली माती हे होय. ज्यांच्या पाळीमागचे रान गेले, त्या तलावांचे काठ उथळ झाले आणि तेथे बेशरमाची झुडपे माजली.

तात्पर्य, शास्त्रीय शब्दाबरोबर येणारे ‘चांगला’ आणि ‘वाईट’ हे शेरे कोणत्या प्रश्नाच्या उत्तरादाखल आहेत, हे पाहिले पाहिजे. अभियंत्याचे कोष्टक चुकीचे नाही. आपणच ते भलत्या प्रश्नाला लावू नये.

२०१७ पासून राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजनेने तलावांतील गाळ काढून शेतात टाकण्याचे काम हाती घेतले. काम उपयुक्त आहे. परंतु गाळ तलावात जन्मत नाही; तो पाणलोटात जन्मतो आणि तलावात येऊन बसतो. पाणलोट उघडा ठेवून केवळ तलाव उपसणे म्हणजे गळक्या छपराखालचे भांडे वारंवार रिकामे करण्यासारखे आहे.

कायद्यातील शब्द

आरंभी मी कायद्याचा उल्लेख केला होता. वनहक्कांना मान्यता देणारा अधिनियम २००६ मध्ये संमत झाला. त्याच्या कलम ५ मध्ये वनहक्कधारकांना आणि ग्रामसभेला काही अधिकार दिलेले आहेत. वन्यजीव, वन आणि जैवविविधता यांच्या रक्षणाबरोबरच लगतचे पाणलोट क्षेत्र, जलस्रोत आणि इतर संवेदनशील क्षेत्रे यांचे पुरेसे संरक्षण होत असल्याची खात्री करण्याचा अधिकार त्यांत आहे. इंग्रजी पाठात या ठिकाणी ‘कॅचमेंट’ हाच शब्द आलेला आहे.

परंतु याच अधिनियमात व्याख्यांचे जे कलम आहे, त्यात पाणलोट क्षेत्राची व्याख्या नाही. म्हणजे कायद्याने अधिकार दिला, आणि शब्दाचा अर्थ शास्त्रावर आणि व्यवहारावर सोपविला. ग्रामसभेने ठरावात ‘आमच्या पाणलोटाचे संरक्षण करावे’ एवढेच लिहिले, तर वाचणारा अधिकारी विचारील, कोणता पाणलोट? पाणलोटाला योजना समजणारा तर असेही म्हणेल की तुमचा पाणलोट संपलेला आहे. तेथे जर ग्रामसभेने लिहिले की अमुक गट क्रमांकातील तलावाच्या पाळीला येऊन मिळणाऱ्या पाण्याचे हे क्षेत्र, त्याची ही सीमा, त्यात वनकक्ष क्रमांक हे आणि महसुली गट क्रमांक हे, तर तो ठराव टाळता येणे कठीण. शब्दाचा अर्थ माहीत असणे म्हणजे काय, हे या दोन ठरावांतील फरकावरून दिसते.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क सर्वांत आधी मिळालेल्या गावांत त्याची गणना होते. त्यानंतर गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांना असे हक्क मिळाले आहेत. बांबू आणि तेंदू यांच्या उत्पन्नाकडे सर्वांचे लक्ष जाणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या वनावर हक्क मिळाला, तेच वन कोणत्या ना कोणत्या तलावाचा, बोडीचा किंवा नाल्याचा पाणलोटही आहे. व्यवस्थापनाचा आराखडा करताना कूप आणि रस्ते यांच्याबरोबर पाणलोटाच्या रेषाही त्या नकाशावर आल्या पाहिजेत.

याच्या जोडीला आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. अनुसूचित क्षेत्रांसाठी असलेल्या १९९६ च्या पेसा कायद्यानुसार लहान जलाशयांचे नियोजन व व्यवस्थापन योग्य स्तरावरील पंचायतींकडे सोपवावयाचे आहे. राज्याचे त्याविषयीचे नियम २०१४ मध्ये झाले. गडचिरोलीचा मोठा भाग आणि चंद्रपूरमधील काही गावे या कायद्याखाली येतात. दुसरी गोष्ट झुडपी जंगलाची. पूर्व विदर्भातील या जमिनी वनजमिनी मानल्या जाव्यात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिला. पुष्कळ तलावांच्या पाळीमागे हीच जमीन आहे. तिच्याविषयी कोणताही प्रस्ताव आला की ती कोणत्या तलावाच्या पाणलोटात पडते, हा प्रश्न पंचायतीने पहिल्याने विचारावा.

आणि एक जुना कागद. महसूल संहितेनुसार गावच्या वहिवाटीची जी नोंद होते, तिला ‘वाजिब-उल-अर्ज’ म्हणतात. पाणी घेण्याच्या आणि वाटेच्या रूढ हक्कांची नोंद तिच्यात असते. आपल्या गावचा हा कागद किती सदस्यांनी पाहिला आहे? शेजारच्या गावाशी पाण्यावरून वाद निघण्यापूर्वीच तो पाहिलेला बरा.

रेषा कशी काढावी

शिक्षकांसाठी थोडे सांगून मी थांबतो. पाणलोटाची रेषा काढणे हे केवळ तज्ज्ञांचे काम नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावर समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या समोच्च रेषा असतात. तलावाच्या पाळीच्या एका टोकापासून निघावे, चढाच्या दिशेने कण्याकण्याने माथ्यापर्यंत जावे, आणि माथ्यावरून वळून पाळीच्या दुसऱ्या टोकाला उतरावे. ही रेषा समोच्च रेषांना काटकोनात छेदीत जाते. तपासणीचा एक सोपा नियम आहे : पाणलोटाची सीमा कोणत्याही नाल्याला ओलांडीत नाही. ती ओलांडते फक्त एका ठिकाणी, ज्या बिंदूचा तो पाणलोट आहे तेथे. मध्येच कोठे नाला छेदला गेला, तर रेषा चुकली असे समजावे.

नकाशावर काढलेली रेषा पहिल्या जोरदार पावसानंतर प्रत्यक्ष चालून पाहावी. सपाट शिवारात, रस्त्याच्या भरावाजवळ आणि कालव्याच्या काठी नकाशा फसवितो. तेथे पाणी स्वतः कोणीकडे जाते हेच खरे. अशा वेळी गावातील गुराख्याला बरोबर घ्यावे. कोणत्या टेकाडाचे पाणी कोठे उतरते, याचे त्याचे ज्ञान अनेक वर्षांच्या पायपिटीतून आलेले असते. त्याने ‘पाणलोट’ हा शब्द कदाचित उच्चारलेला नसेल, पण त्याची व्याख्या त्याला पाठ आहे. सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांनी त्याच्याबरोबर एक दिवस चालून काढलेला नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला, तर भूगोलाचा तो धडा कोणीही विसरणार नाही.

या नकाशावर तीन गोष्टी वेगवेगळ्या रंगांत दाखवाव्यात : पाणी देणारी जमीन, पाणी साठविणारी जमीन आणि पाणी पिणारी जमीन. पहिल्या जमिनीचा कोणता तुकडा कोणाच्या ताब्यात आहे, हे त्यावर लिहावे. त्यातील काही भाग शेजारच्या गावात निघाला, तर त्या गावच्या सरपंचांना तो नकाशा दाखवावा. कारण आपल्या तलावात येणारे पाणी त्यांच्या रानातून येते, आणि आपल्या रानातले पाणी आणखी कोणाच्या तरी तलावात जाते. पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत हा नकाशा एकदा मांडला जावा, रेषेवरील बुजलेल्या मोऱ्या मोजल्या जाव्यात, आणि त्यांची यादी ठरावाला जोडून संबंधित कार्यालयाकडे पाठविली जावी, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.